पश्चिमेची भिंत आणि वेलीचा मांडव

पुण्यात होळी झाली की पश्चिमेकडच्या खोल्यांची तक्रार सुरू होते. दुपारी तीनपर्यंत बरी असलेली खोली चारनंतर तापू लागते आणि रात्री जेवणं आटोपली तरी भिंतीला हात लावला तर ती गरमच लागते. यावर बहुतेक घरांत जे उपाय होतात ते सगळे बंद करण्याचे असतात. जाड पडदे, काचेला काळी फिल्म, गॅलरीला पत्रा किंवा सरकत्या काचा, आणि एवढं करूनही भागलं नाही की एसी. माझं म्हणणं असं की पुण्याच्या हवेत पश्चिमेची बाजू बंद करण्याऐवजी अर्धी झाकावी. भिंतीच्या किंवा गॅलरीच्या बाहेरच्या अंगाला उभी जाळी बसवावी, तिच्यावर वेल चढवावी आणि ऊन आत येण्याआधीच अडवावं. जाफरी, ताटी, कमान, मांडव या गोष्टी आज बागेची सजावट म्हणून विकल्या जातात. त्यांचं खरं काम मात्र ऊन, वारा आणि नजर हवी तेवढीच आत येऊ देणं हे आहे. ते काम समोर ठेवलं की जाळी कुठे लावायची, केवढी, कशाची आणि तिच्यावर कोणती वेल, हे सगळं एकेक करून ठरत जातं. ते न ठरवता नर्सरीतून आणलेली देखणी पांढरी जाळी पहिल्या जोराच्या पावसात वेलीसकट खाली येण्याची शक्यता मोठी.

सुरुवात सूर्यापासून करावी लागते. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला माध्यान्हीचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तर तो किंचित उत्तरेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला ऐन उन्हाळ्यात फारसं ऊन लागतच नाही. तिथे साधा छज्जा पुरतो, आणि थंडीत जे ऊन आत येतं ते हवंसंच असतं. अशा खिडकीवर बारमाही दाट वेल चढवली तर उन्हाळ्यात फायदा नाही आणि थंडीत तोटा. पश्चिमेचं गणित वेगळं आहे. एप्रिलच्या अखेरीस दुपारी चार वाजता पुण्यातला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर असतो आणि पाचला साधारण २५ अंशांवर येतो. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर चार वाजता त्याची सावली दीड-पावणेदोन फूट खाली उतरते, पाचला जेमतेम एक फूट. चार फुटी खिडकीचा बाकी भाग तेव्हा उघड्या उन्हात असतो. पाचच्या उन्हात ती पूर्ण झाकायची म्हटली तर छज्जा आठ फुटांहून पुढे काढावा लागेल. ऊन आडवं येत असेल तर आडोसा उभाच हवा. पश्चिमेला उभी जाळी लावायचं हे पहिलं आणि सगळ्यात भक्कम कारण.

पण मग पडदा का नको? तोही उभाच असतो. फरक आत आणि बाहेर यातला आहे. ऊन काच ओलांडून आत आलं की ते पडद्यावर पडो किंवा फरशीवर, त्याची उष्णता बहुतांश खोलीतच राहते. फिकट रंगाचा पडदा थोडं ऊन परत फेकतो, एवढंच. भिंतीला तर पडद्याचा काहीच उपयोग नाही. विटेची आणि काँक्रीटची भिंत दुपारभर उष्णता साठवते आणि रात्री ती आत सोडत बसते. बाहेरची जाळी खिडकी आणि भिंत दोन्हींना सावलीत ठेवते. त्यातही वेलीच्या पानांचा एक गुण पत्र्यात किंवा नेटमध्ये नाही. पान सतत पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकत असतं, त्यामुळे उन्हात असूनही ते पत्र्यासारखं तापत नाही आणि आपली उष्णता भिंतीवर फेकत नाही. एप्रिल-मेची पुण्याची दुपार कोरडी असते, आणि कोरड्या हवेत ही क्रिया चांगली चालते. यातून खोली एसी लावल्यासारखी गार होईल असं कोणी समजू नये. भिंत कमी तापेल, संध्याकाळी खिडकी उघडता येईल, आणि एसी असलाच तर त्याला कमी काम पडेल. एवढा फायदा खात्रीचा आहे आणि दर वर्षी मिळणारा आहे.

इथे जाळीच्या दोन जाती वेगळ्या ओळखायला हव्यात, कारण त्यांची गल्लत केल्याने पैसे वाया जातात. एक जाळी जाड असते: दगडाची, लाकडाची, विटांची, सिमेंटच्या ठोकळ्यांची. ती स्वतःच सावली देते. दुसरी पातळ: बांबूच्या कामट्यांची, लाकडी पट्ट्यांची, वेल्डमेशची, तारेची. ती पानांशिवाय जवळपास काहीच अडवत नाही, तिचं काम वेलीला उभं धरण्याचं. जुन्या जाळ्या पाहताना नक्षीइतकीच त्यांची जाडी पाहावी. छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यातली कबरीभोवतीची संगमरवरी जाळी असो की पुण्याच्या केळकर संग्रहालयात जपलेलं जुन्या वाड्यांचं लाकूडकाम असो, भोकाची रुंदी आणि जाळीची जाडी यांचं प्रमाण नजरेत भरून घेण्यासारखं आहे. त्यामागचा हिशेब सोपा आहे. चार इंच जाड जाळीला चार इंच उंचीची भोकं ठेवली तर ४५ अंशांवरचं ऊन थेट आत येत नाही, त्याखालचं येतं. भोकं दोन इंचांची केली तर सुमारे २७ अंशांपर्यंतचं ऊन अडतं. म्हणजे पश्चिमेला विटांची किंवा ठोकळ्यांची जाळी बांधायची असेल तर भोकाची उंची जाळीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त ठेवू नये. गच्चीच्या कठड्याला, जिन्याला, पूर्व-पश्चिमेच्या धुण्याच्या गॅलरीला अशी जाळी उत्तम. तिला पाणी लागत नाही, छाटणी लागत नाही, आणि वारा मात्र येत राहतो.

जाळीचा दुसरा उपयोग आडोशाचा. जयपूरच्या १७९९ सालच्या हवामहलाच्या शेकडो झरोक्यांमागे हाच विचार आहे: आतल्याला रस्ता दिसावा, रस्त्यावरच्याला आतलं दिसू नये. हे कसं घडतं ते नीट समजून घेतलं तर पुढे निराशा होत नाही. दिवसा बाहेर उजेड जास्त आणि आत कमी असतो, म्हणून नजर उजेडाच्या बाजूला जाते आणि जाळीमागचा अंधार तिला भेदता येत नाही. रात्री खोलीत दिवा लागला की हे सगळं उलटतं. समोरच्या इमारतीतून जाळीआडची खोली स्पष्ट दिसते. पुण्यात दोन विंगांमध्ये अंतर किती थोडं असतं हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा आडोशासाठी जाळी लावणाऱ्यांनी रात्रीसाठी आत पडदा ठेवावाच. दाट पानांची वेल असेल तर ही अडचण बरीच कमी होते, पूर्ण जात नाही.

आता आकार. मांडव आणि ताटी यांत नेहमी घोटाळा होतो. मांडव डोक्यावर आडवा असतो, ताटी उभी. गच्चीवर किंवा अंगणात बसायला सावली हवी असेल तर मांडव घालावा, कारण मेच्या दुपारी ऊन वरून येतं. पश्चिमेच्या खिडकीपुढे मात्र मांडव घालून उपयोग नाही, त्याचं तेच होतं जे छज्ज्याचं झालं. या दोन आकारांचे गुणदोष आपल्या शेतकऱ्यांनी घरबागायतीपेक्षा कितीतरी अधिक बारकाईने पारखले आहेत. दोडका, कारली, दुधी, पडवळ यांच्या वेली मांडवावर घेतल्या की फळं खाली लोंबतात, मातीला लागत नाहीत, कमी सडतात आणि सरळ वाढतात. पडवळ सरळ यावा म्हणून त्याच्या टोकाला लहानसा दगड बांधण्याची पद्धत तर जुनीच आहे. द्राक्षाचा अनुभव आणखी बोलका आहे. मांडवावर द्राक्ष भरपूर येतं, पण पानांचं एक सलग छत तयार होतं, आतला भाग दमट राहतो, तिथे भुरी आणि केवडा पटकन पसरतात आणि फवारणी आतपर्यंत पोचत नाही. म्हणून बऱ्याच बागा वाय आकाराच्या आधारावर गेल्या. त्यात फांद्या दोन्ही बाजूंना तिरक्या उघडतात आणि ऊन-वारा मधून जातो. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथवर जाणाऱ्याने बागेत शिरून केवळ वळण कसं दिलंय ते पाहिलं तरी पुष्कळ कळेल. घरच्या जाळीसाठी यातून घ्यायची गोष्ट एकच: वेल जाळी पूर्ण बुजवेल इतकी दाट होऊ देऊ नये. समोर उभं राहिलं की पानांतून मधूनमधून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. जाळी बुजली की तिची भिंत होते, आणि मग वाराही थांबतो.

वेल निवडताना फुलाआधी ती चढते कशी हे पाहावं. चार्ल्स डार्विनने चढणाऱ्या वनस्पतींवर १८६५ मध्ये दीर्घ निबंध लिहिला. विळखा घालणाऱ्या वेलींचा कोवळा शेंडा आधार शोधत हवेत गोल फिरत राहतो हे त्याने घड्याळ लावून मोजलं. हॉप नावाच्या वेलीचा शेंडा उष्ण दिवसांत साधारण दोन तास आठ मिनिटांत एक फेरी पुरी करतो असं त्याला आढळलं. अशा वेलींना फार जाड खांबाला विळखा घालता येत नाही, हेही त्याने नोंदवलं. गोकर्ण, गुळवेल, वाल, घेवडा या वेली या जातीच्या. त्यांना अंगठ्याहून बारीक, उभा आधार द्यावा. वरून खाली सोडलेली सुतळी किंवा काथ्याची दोरी त्यांना आडव्या पट्ट्यांच्या नक्षीदार जाफरीपेक्षा जास्त मानवते. कारली, दोडका, काकडी, कृष्णकमळ, द्राक्ष यांना तणावे असतात. तणावा स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि त्याला पेन्सिलीहून बारीक काहीतरी लागतं, म्हणून त्यांना तार किंवा चार-सहा इंचांच्या घरांची जाळी हवी. तीन इंची बांबूच्या खांबाशी कारल्याची वेल लावली आणि मध्ये दोरी बांधली नाही तर ती खांबाच्या पायाशीच पसरते, आणि आपण खताला दोष देतो. बोगनवेल आणि वेली गुलाब स्वतः काहीच पकडत नाहीत. काट्यांच्या आधाराने ते दुसऱ्यावर रेलतात, म्हणून त्यांना मजबूत आडव्या पट्ट्या द्याव्या लागतात आणि हाताने बांधावं लागतं. बांधताना वेल आणि पट्टी यांच्यामध्ये दोरीला एक पीळ द्यावा आणि गाठ सैल ठेवावी. आवळून बांधलेली तार वर्षभरात सालीत रुतते. मनीप्लांट, मिरी, विड्याच्या पानाची वेल या गाठींतून फुटणाऱ्या मुळांनी चिकटतात, त्यांना खडबडीत आणि ओलसर पृष्ठभाग लागतो. पानमळ्यात म्हणूनच शेवरी, पांगारा, शेवगा, हादगा अशी जिवंत झाडं आधाराला लावतात. आधार आणि विरळ सावली दोन्ही एकाच झाडाकडून मिळतात.

सांगाडा उभा करताना आजची वेल पाहायची नसते, पाच वर्षांनंतरची पाहायची असते, आणि तीही पावसात भिजलेली. मधुमालती रोपवाटिकेतून येते तेव्हा हाताच्या बोटाएवढी असते. वाढली की दुसऱ्या मजल्यापर्यंत सहज जाते आणि तिचं खोड मनगटाएवढं होतं. वेलीला मोकळं सोडलं तर ती कुठवर जाते हे पाहायचं असेल तर पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधली गारंबीची महावेल पाहावी, मोठमोठी झाडं तिने वेढली आहेत. भिजलेल्या पानांचं वजन आणि वळवाच्या वाऱ्याचा झोत हे दोन्ही एकाच वेळी येतात, आणि पानांनी भरलेली जाळी तेव्हा शिडासारखा वारा धरते. त्यामुळे एक नियम कटाक्षाने पाळावा: वजन जमिनीवर किंवा फरशीवर उतरलं पाहिजे, भिंतीने फक्त तोल सांभाळायचा. म्हणजे जाळीला स्वतःचे खांब हवेत आणि भिंतीत जायचे ते केवळ धरून ठेवणारे तुकडे. गिलावा अर्ध्या-पाऊण इंचाचा असतो आणि तो कशालाच धरत नाही. स्क्रू त्याच्या मागच्या विटेत किमान दोन इंच गेला पाहिजे. पुण्यातल्या नव्या इमारतींच्या भिंती बहुधा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्यात साधा प्लग आज घट्ट वाटतो आणि काही महिन्यांत सैल होतो, त्यासाठी त्या ब्लॉकसाठीच मिळणारे फास्टनर मागून घ्यावेत. जाळी आणि भिंत यांत चार ते सहा इंच अंतर ठेवावं. हात आत जाऊन सुकलेली पानं काढता आली पाहिजेत आणि रंगारी आला तर त्याचा ब्रशही. तळमजल्यावर काम पुरं झालं की जाळी दोन्ही हातांनी धरून अंगाच्या वजनाने खाली ओढून पाहावी. जराही हलली तर वेल लावू नये, आधी सुतार किंवा फॅब्रिकेटर परत बोलवावा.

सामानात बांबूला मी पहिली पसंती देईन, पण एका अटीवर: त्याचा पाय मातीत जाता कामा नये. मातीत गाडलेला कच्चा बांबू दोन पावसाळ्यांत कुजतो, तोच जमिनीपासून वर उचललेला कितीतरी जास्त टिकतो. खाली सिमेंटचा ठोकळा आणि त्यात बसवलेला लोखंडी तुकडा, त्याला बोल्टने बांबू, असा पाया करून घ्यावा. कोवळ्या बांबूत पिठूळ अंश जास्त असतो आणि भुंगा त्यावरच येतो. म्हणून पक्व, पावसाळा संपल्यानंतर तोडलेला आणि शक्य तर बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबू घ्यावा. कापलेल्या टोकांची तोंडं गाठीजवळ ठेवावीत, नाहीतर पोकळीत पाणी साठतं. हे काम पुण्यातले बुरूड कारागीर उत्तम करतात. मापाचं चित्र काढून नेलं आणि कामट्यांमधलं अंतर स्पष्ट सांगितलं तर तयार मिळणाऱ्या प्लास्टिकच्या जाळीपेक्षा चांगली ताटी मिळते, आणि दुरुस्तही करता येते. लोखंड हवं असेल तर चौकोनी पाइपची चौकट आणि आत तीन इंची घरांचं वेल्डमेश घ्यावं. वेल्डिंगच्या सांध्यांवर रेड ऑक्साइड दोनदा मारून घ्यावं, गंज तिथूनच सुरू होतो. सर्वांत स्वस्त आणि दिसायला सर्वांत हलका पर्याय जीआय तारेचा: दोन पक्के खांब, मध्ये दहा किंवा बारा गेजच्या तारा, आणि ताण द्यायला टर्नबकल. द्राक्षबागांचं सामान विकणाऱ्या दुकानांत हे सगळं मिळतं.

लागवडीत दोन गतींनी चालावं. बारमाही वेल पहिल्या उन्हाळ्यात सावली देत नाही, आणि त्या एका वर्षात पुष्कळांचा धीर सुटतो. म्हणून कायमची वेल जूनमध्ये लावावी आणि त्याच जाळीवर जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत दोडका, दुधी किंवा वालाचं बी टाकावं. चांगली माती आणि रोजचं पाणी असेल तर एप्रिलपर्यंत जाळी बरीचशी भरते, भाजीही मिळते. बारमाही वेलींत पश्चिमेसाठी मधुमालती मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिची पानं दाट, ऊन सोसणारी आणि छाटणी सहन करणारी असतात. जाई-जुई कमी वजनाच्या आणि गॅलरीला योग्य. जुईची छाटणी डिसेंबर-जानेवारीत करावी, नव्या फुटीवर कळ्या येतात. संक्रांतवेल जानेवारीत केशरी फुलांनी भरते, तिला मात्र फुलं संपल्यावरच कात्री लावावी, आधी लावली तर त्या वर्षीचा बहर गेला. बोगनवेल कमी पाण्यावर जगते, पण खिडकीला लागून नको, काटे आणि वजन दोन्ही त्रास देतात. मेच्या अखेरीस कोणतीही वेल असो, बाहेर आलेले लांब शेंडे आणि आतल्या सुक्या काड्या काढून तिचं ओझं हलकं करावं. पावसाळ्याआधीची ही एक छाटणी चुकवू नये.

आक्षेप पुष्कळ आहेत आणि काही खरे आहेत. वेल भिंत फोडते, हा त्यातला पहिला. भिंतीला मुळांनी चिकटणारी वेल रंग आणि गिलावा खराब करते हे मान्य, पण म्हणूनच तर जाळी आहे. अंतर राखलेल्या जाळीवरच्या वेलीची मुळं खाली मातीत असतात. भिंती खरोखर फोडतात ते पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांचे पिंपळ आणि उंबर, आणि ते वेल नसलेल्या भिंतीवरही उगवतात. वेलीआड ते दिसायला उशीर होतो, एवढा मुद्दा बरोबर आहे, म्हणून छाटणीच्या वेळी मागची भिंत तपासावी. दुसरा आक्षेप डासांचा. डेंगीचा डास पानांत अंडी घालत नाही, त्याला साठलेलं पाणी लागतं, आणि ते कुंडीखालच्या बशीत, रिकाम्या डब्यात, बांबूच्या उघड्या पोकळीत असतं. दिवसा डास दाट सावलीत विसावतात हे मात्र खरं, म्हणून विरळ छाटणीचा आग्रह. उंदीर आणि साप यांची भीती तळमजल्याला रास्त आहे. तिथे वेलीचे खालचे दीड-दोन फूट उघडे, फांद्यारहित ठेवावेत, पायाशी पालापाचोळा साचू देऊ नये आणि जाळी खिडकीच्या उघड्या तावदानाला टेकू देऊ नये. चोराला शिडी मिळते, ही शंकाही अस्थानी नाही. पहिल्या मजल्यापर्यंत जाणाऱ्या जाळीसाठी लोखंडी चौकटीऐवजी ताणलेल्या तारा वापराव्यात, माणसाचं पाऊल त्यावर ठरत नाही. कबुतरांना सपाट कठडा लागतो, वेलीत ती क्वचितच घरटं करतात. येतात ते बुलबुल, शिंजीर आणि शिंपी. त्यांचं घरटं दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत त्या भागाला कात्री लावू नये, एवढी सवलत आपण सहज देऊ शकतो.

पाण्याचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. खडकवासला साखळीतल्या धरणांची पातळी उतरली की शहरात कपातीची चर्चा सुरू होते, आणि वेलीला पाणी नेमकं त्याच दिवसांत लागतं. पण एका मोठ्या वेलीची गरज भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्यातून बरीचशी भागते, आणि मातीवर वाळक्या पानांचा चार इंचांचा थर ठेवला तर पाणी एक दिवसाआड दिलं तरी चालतं. ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांनी मधुमालतीऐवजी विटांची जाळी निवडावी. मग सरळ हिरवी नेटच का लावू नये, असं कोणी म्हणेल. भाड्याच्या घरात, एका उन्हाळ्यापुरती, ती योग्यच आहे. पण नेट स्वतः तापते, काही वर्षांत उन्हाने विरते, तिचे तुकडे गटारात जातात, आणि पावसाळ्यात व थंडीतही ती तशीच उजेड अडवत राहते. वेल छाटता येते आणि ऋतूप्रमाणे कमी-जास्त करता येते. वर्षभर राहायचं घर असेल तर वेलीचं पारडं जड ठरतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी काही. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला काही बसवायचं तर सोसायटीची आगाऊ लेखी परवानगी लागते. गृहनिर्माण संस्थांचे उपविधी तसं सांगतात. अर्जासोबत मापाचं चित्र, सामानाचं नाव आणि जाळी कुठे टेकणार हे लिहून दिलं तर समितीचा निम्मा विरोध मावळतो. शक्य असेल तर एका विंगच्या सगळ्या पश्चिमेच्या गॅलऱ्यांसाठी एकच नमुना ठरवावा, दिसायला एकसारखं राहतं आणि फॅब्रिकेटरही दर कमी लावतो. कॉलम-बीमला भोकं पाडू नयेत. कठड्याच्या बाहेर कुंडी, ठोकळा किंवा सैल पट्टी लोंबकळत ठेवू नये. सातव्या-आठव्या मजल्यावर वाऱ्याचा जोर वेगळाच असतो, तिथे जाळी कठड्याच्या आतल्या बाजूला घ्यावी आणि हंगामी हलक्या वेलींवरच समाधान मानावं. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते, म्हणून मोठ्या कुंड्या गॅलरीच्या टोकाला न ठेवता भिंतीलगत ठेवाव्यात आणि मातीत निम्मा कोकोपीट मिसळावा. भाडेकरूंनी भिंतीला हात न लावता फरशी ते छत ताणून बसणारे दोन खांब आणि त्यांमध्ये दोऱ्या असा सांगाडा करावा. घर सोडताना तो उकलून नेता येतो, आणि जुई कुंडीत असेल तर तीही छाटून बरोबर नेता येते. नव्या घरी पश्चिम कोणत्या अंगाला आहे ते आधी पाहावं आणि मगच खांब उभे करावेत.